आता पुन्हा बिघडव

शरयू,

‘सुटली बिचारी’ असं म्हणणाऱ्या पहिल्या बाईला मी काही बोलले नाही. भेटायला आलेलं माणूस, उन्हातून दौलतगंजहून चालत आलेलं, म्हणून गप्प बसले. दुसरी म्हणाली, “जन्म सगळा अंधारात गेला हो तिचा.” तेव्हा मात्र बोलले. म्हटलं, “ती अंधारात नव्हती. तिला अंधारही दिसत नव्हता.” तुझे दादा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू दुःखाने माझं डोकं फिरलंय.

डोकं ठिकाणावर आहे माझं. हे तूच मला शिकवलं होतंस, मी या घरात नवी होते तेव्हा. मी ओट्याशी उभी राहून, घाबरत घाबरत तुला विचारलं होतं, “तुला सगळं काळं काळं दिसतं का गं?” तू भाजी निवडत होतीस. म्हणालीस, “वहिनी, तुझ्या पाठीमागे काय आहे? काळं दिसतं का तुला तिथे?” मी विचार केला आणि म्हटलं, “नाही. काहीच दिसत नाही.” “तसंच,” तू म्हणालीस, “आता दूध उतू जातंय तिकडे बघ.” खरंच जात होतं. वासावरून तुला माझ्याआधी कळलं होतं.

माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, लहानपणी गोवरात डोळे गेलेली, लग्न न केलेली, दाना ओली गल्लीतल्या या घरात आमच्याबरोबर राहिलेली. लोकांना तुझी एवढीच गोष्ट माहीत आहे आणि तेवढीच ते सांगतात. सांगताना मान हलवतात. मी आता ठरवलंय की त्यांना ती तशी सांगू द्यायची नाही.

तू बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतीस. बाड्याच्या चौकापासून चालत जाण्याइतकी जवळ होती ती शाखा. कोणाचाही ‘हॅलो’ एकदा ऐकलास की माणूस तुझ्या लक्षात राहायचा. मग प्रत्येकाच्या टेबलावर थेट नंबर आला आणि तुझा बोर्ड काढून नेला. मॅनेजर भला माणूस होता. तो म्हणाला, “बहनजी, आप तो बस आराम से बैठिए.” त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाहीस. मी ताट घेऊन तुझ्या खोलीत आले तर म्हणालीस, “त्यांनी मला खुर्ची दिलीय, वहिनी. नुसती खुर्ची.” आम्हाला वाटलं, थोडे दिवस रागवेल, मग सवय होईल. तू सवय होऊ दिली नाहीस. कम्प्युटर शिकलीस. कुठल्या क्लासने घेतलं नाही, तर फोनवरून इंदूरच्या कोणाकडून तरी शिकलीस, आणि मग रोज मॅनेजरच्या दारात जाऊन उभी राहू लागलीस की मला काम द्या. शेवटी त्याने ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम दिलं. कंटाळून दिलं, असं तूच सांगायचीस, आणि सांगताना खूश असायचीस.

घरी तू लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीवर चालणारा कम्प्युटर घेतलास. त्यावरून आपलं भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, अगं, सगळं जग जे वापरतं ते घे, काही अडलं तर चार जणांना विचारता येईल. तू म्हणायचीस, “सगळं जग बघून वापरतं. मला टाइप करून वापरता आलं पाहिजे. आणि यात वाचून दाखवणारा प्रोग्राम आतच आहे, चोरीची कॉपी टाकायला लागत नाही.” इतरांना पडद्यावर जे दिसतं ते तो प्रोग्राम बोलून दाखवायचा. मराठी बोलायचा, पण ‘ळ’ आला की अडखळायचा, आणि तू त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होतास की मला ते फोडणीत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू यायचं. तुला मात्र शब्दन् शब्द कळायचा. मी अजूनही म्हणते की तू तो कम्प्युटर निम्मा हट्टापायी घेतलास. तू आत्ता असतीस तर म्हणाली असतीस, निम्मा का, सगळा.

निवृत्तीनंतर अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तुला विचारलं, की आमच्या लोकांना ऑनलाइन वर्गात कम्प्युटर शिकवाल का. विचारलं खरं, पण त्यांच्या सचिवांना भरवसा नव्हता. फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. “दीदी, साथ में कोई देखने वाला रख लेते हैं. आप बोलिएगा, वो चला देगा.” तू म्हणालीस, “फिर उसी से पढ़वा लीजिए.” मग ते म्हणाले, ठीक है, शनिवार सुबह.

आणि शुक्रवारी संध्याकाळी तुझे दादा मॉनिटर घेऊन आले.

प्रेमाने आणला होता, हे तुलाही माहीत होतं. तोवर तुझ्या कम्प्युटरला पडदाच नव्हता. एक काळा डबा, कीबोर्ड आणि दोन छोटे स्पीकर. दादांना वाटायचं, कोणी आलं-गेलं तर हे काहीतरी अर्धवटच दिसतं. ते म्हणाले, “शरू, उद्या पहिला वर्ग आहे तुझा. काही लागलं तर आम्हाला तरी दिसायला पाहिजे.” त्यांनी वायर जोडली, मॉनिटर पुसला, आणि समाधानाने जेवायला बसले.

सकाळी कम्प्युटर सुरू झाला तो मुका. तू कळा दाबल्यास, काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केलास, काही नाही. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा तू दोन्ही तळहात टेबलावर ठेवून बसली होतीस. तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की तुझ्या कम्प्युटरचा आवाज गेला म्हणजे काय होतं. माझ्या कम्प्युटरचा आवाज गेला तर गाणं ऐकू येणार नाही. तुझा आवाज गेला म्हणजे पडदा गेला, अक्षरं गेली, दुरुस्त करायची वाटसुद्धा गेली. ज्याला विचारायचं तोच मुका.

मी म्हटलं, आज फोनवरून कर वर्ग. तू म्हणालीस, “शिकवायचाय कम्प्युटर. तो कसा बोलतो हे त्यांना ऐकवायचंय. फोनवरून काय कपाळ शिकवू?”

दादांनी बाड्यावरच्या एका दुकानातून माणूस बोलावला. तो लगेच आला, मागच्या वायरी हलवल्या, पडद्यावर इकडेतिकडे केलं आणि म्हणाला, “आंटी, साउंड कार्ड गया.”

“गया मतलब? कहाँ गया?” तू विचारलंस.

“मतलब जल गया. नया लगेगा. और ये लिनक्स हटवा दीजिए, मैं दूसरा डाल देता हूँ, आराम रहेगा.”

“जलने की बू तो नहीं आई,” तू म्हणालीस. “आप रहने दीजिए, भैया.”

दादा त्याला सोडायला खाली गेले. तू खुर्ची पुढे ओढलीस आणि मला म्हणालीस, “वहिनी, बस इथे. काय दिसतंय पडद्यावर?”

“सगळं ठीक दिसतंय.”

“ठीक नको सांगू. काय लिहिलंय ते वाच.”

मी आयुष्यभर मुलांना गणित शिकवलं. फळ्यावर समीकरण मांडून ‘आता पुढचं तर दिसतंच आहे’ म्हणायची मला सवय. तुझ्यापुढे ते चालेना. तू आवाजाच्या सेटिंगचं पान उघडायला सांगितलंस, मी उघडलं. “आउटपुट कुठे जातंय? तिथे नाव असेल.” तिथे मॉनिटरचं नाव होतं. मी वाचलं. तू हसायला लागलीस. तुला रडू येईल असं वाटत असताना तू हसलीस, म्हणून मी जरा दचकलेच.

“दादाने पडदा लावला ना काल? त्या वायरीतून चित्रही जातं आणि आवाजही. कम्प्युटरला वाटलं, आता आवाज तिकडेच पाठवायचा. मॉनिटरला स्पीकर आहेत का बघ.”

नव्हते. तुझा कम्प्युटर सकाळपासून बोलत होता, पण ज्याला तोंडच नाही अशा खोक्यात. मी खालचं दुसरं नाव निवडलं, स्पीकरचं. तपासायचं बटण दाबलं. तरी शांतता.

मी म्हटलं, “त्या माणसाचं खरं असेल बहुतेक.” तू स्पीकरची वायर मागून चाचपत काढलीस आणि तिच्या टोकाला बोट लावलंस. स्पीकर घुर्रर्र करून घुमला. “स्पीकर जिवंत आहे,” म्हणालीस. “आता टाइप कर, मी सांगते ते.” मी टाइप केलं तसा काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्यांचा एक तक्ता आला. प्रत्येक पट्टी म्हणजे आवाजाची एक वाट, असं तू समजावलंस. “प्रत्येकीच्या पायाशी काय लिहिलंय?”

“शून्य शून्य. शून्य शून्य. इथे एम एम आहे. पुढे पुन्हा शून्य शून्य.”

“एम एम कोणत्या पट्टीखाली?”

“फ्रंट.”

“हां. ती स्पीकरची वाट. आवाज मॉनिटरकडे वळला तेव्हा बंद झाली. बाणाने तिच्यावर जा आणि एम दाब. एकदाच.”

मी एकदाच दाबला आणि मोहरी तडतडली. त्या यंत्राचा तो अडखळता, नाकातला, अतिशय वेगवान आवाज ऐकून मला एवढा आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. दादा जिन्यातून धावत वर आले. तू त्यांना म्हणालीस, “दादा, साउंड कार्ड परत आलं.”

वर्ग थोडा उशिरा सुरू झाला. तू जे शिकवायचं ठरवलं होतंस ते बाजूला ठेवलंस आणि सकाळी काय झालं तेच सांगितलंस, वायरीच्या टोकाला लावलेल्या बोटापासून. ती मंडळी आवाज आवाज म्हणून एवढे प्रश्न विचारायला लागली की सचिवांना वेळ संपल्याचं परत परत सांगावं लागलं. सगळ्यांच्या कम्प्युटरचा आवाज कधी ना कधी गेलेला होता. प्रत्येकाने तेव्हा कोणा डोळसाची वाट बघत दिवस काढलेले होते. भिंडची रजनी म्हणून एक मुलगी होती. ती म्हणाली, तिचा भाऊ सुट्टीवर येईपर्यंत ती थांबली होती.

वर्ग संपला, मी पोळ्यांचा डबा उघडला, आणि तू हाक मारलीस, “वहिनी, इकडे ये. आता पुन्हा बिघडव.”

“काय?”

“सकाळी होतं तसं कर. आवाज मॉनिटरला जोड, फ्रंट बंद कर.”

“डोकं फिरलंय का? आत्ता कुठे सुरू झालंय. जेवून घे.”

“जेवण गार होऊ दे. सकाळी तू होतीस म्हणून झालं. तू भाजी आणायला गेलेली असतीस तर?”

“तर अर्ध्या तासाने आले असते ना.”

“रजनीचा भाऊ सुट्टीवर यायचा होता,” तू म्हणालीस.

मी चिडले होते. पण बिघडवलं. तू मुक्या कम्प्युटरसमोर बसलीस आणि ठोकत राहिलीस, काय उमटतंय ते ऐकू न येता. एक ओळ टाइप करायची, ती बरोबर पडली असं धरून पुढची टाइप करायची, आणि शेवटी आवाज वाजवून बघायचा. वाजला नाही तर सगळं पहिल्यापासून. मी शेजारी बसून पडदा बघत होते. एका जागी एक अक्षर जास्त पडलेलं मला दिसलं. मी काही बोलले नाही, शपथेवर सांगते.

“असा श्वास सोडू नकोस,” तू म्हणालीस.

“कसा?”

“चुकलं की तू श्वास सोडतेस. बरोबर आलं की रोखून धरतेस. तुझ्या श्वासावरून मला उत्तर मिळतंय. हे नाही चालणार. तू बाहेर जा.”

मला माझ्याच घरातल्या खोलीतून बाहेर काढलंस. मी गॅलरीत शेंगा सोलत बसले आणि मनात तुला नाही नाही ते बोलले. गल्लीतून टेम्पो गेले, शाळेतली मुलं घरी आली. तुझे दादा मला खुणेने विचारत होते की काय चाललंय, मीही खुणेनेच सांगितलं की विचारू नका. आणि मग आतून मोहरी तडतडली. मी उठले. पण तू मला हाक मारली नाहीस. जरा वेळाने पुन्हा सगळं गप्प झालं. तू ते स्वतःच्या हाताने परत बिघडवलं होतंस. आणि मग परत तडतडलं. तेव्हा मी शेंगांची परात खाली ठेवली आणि दाराशी येऊन उभी राहिले. तू मला ओळखलंस, पण मागे वळली नाहीस. म्हणालीस, “आता वाढ.”

तुला वाटलं असेल, मला फक्त भूक लागली होती. मला त्या वेळी काय वाटलं ते मी कधी सांगितलं नाही. आपल्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. मला वाटलं, मी ज्या बाईला बरीच वर्षं हाताला धरून रस्ता ओलांडून देत होते, ती मला न विचारता कुठल्या कुठे पोचली आहे. आणि मला त्याचं वाईट न वाटता अभिमान वाटला. हे आता लिहितेय, कारण आता तू मध्येच ‘पुरे’ म्हणू शकत नाहीस.

पुढे तू त्या सगळ्या ओळी एकत्र बांधून तीन कळांच्या एका किल्लीला जोडल्यास. तीन बोटं एकदम दाबायची, जरा थांबायचं, की आवाज मॉनिटरमधून निघून स्पीकरकडे यायचा, बंद वाट उघडायची, आणि वाचणारा प्रोग्राम नव्याने बोलायला लागायचा. वर्गात प्रत्येकाकडून ते करून घेतलंस. नवं अपडेट आलं की त्या वाटांची नावं बदलायची आणि तुझी किल्ली चालेनाशी व्हायची. मग फोन यायचे. “बुआजी, आवाज चली गई.” तू पोळीचा घास हातात धरून सांगत बसायचीस. मी म्हणायची, अगं जेवून घे, ते काही मरत नाहीत. तू म्हणायचीस, “मुकं बसणं म्हणजे काय ते तुला नाही कळायचं, वहिनी.” ते मात्र तुझं चुकलं. मला कळत होतं. मी रोज तुझ्या समोर मुकी बसून जेवत होते. आपलं हे भांडणही तसंच राहून गेलं, आणि मी माघार घेणार नाही.

मॉनिटर तू परत पाठवू दिला नाहीस. दादांना वाईट वाटेल म्हणून तो टेबलावर ठेवलास, वायर काढून. त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचीस.

मग तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि आपण हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथली डॉक्टर मुलगी चांगली होती, पण तिने मला विचारलं, “इनको क्या तकलीफ है?” तुला बोलताना धाप लागत होती. तरी तू म्हणालीस, “तकलीफ मुझे है, तो मुझसे पूछिए.” मुलगी ओशाळली आणि मग सगळं तुलाच विचारायला लागली. तेवढ्यात दुसरं कोणीतरी संमतीचा कागद आणि शाईचा पॅड घेऊन आलं. तुझा अंगठा हातात धरलासुद्धा. तू हात ओढून घेतलास.

“पेन दीजिए.”

“अम्मा, अँगूठा चलेगा.”

“मुझे नहीं चलेगा.”

मी म्हणणार होते, शरयू, जाऊ दे, आत्ता ही वेळ आहे का. मी म्हटलं नाही. कागदावर सही कुठे करायची तिथे तुझं बोट ठेवलं, बस. त्यात काय काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवायला सांगितलंस, आणि मी सगळं वाचलं, एकही शब्द न गाळता. मग तू सही केलीस. नावाची शेवटची अक्षरं ओळीच्या वर चढली. तू विचारलंस, “सरळ आली?” मी म्हटलं, “नाही. शेवटी वर गेलीय.” “असू दे,” म्हणालीस. खोटं बोलले असते तर तुला कळलं असतं, आणि ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं असतं. नंतर तू झोपलीस, आणि पहाट व्हायच्या आत गेलीस.

आता इथे लोक येतात आणि म्हणतात, सुटली.

कशातून सुटली, हे मला कोणी सांगत नाही. सुटायचं होतं कोणाला? तुला अजून त्या नव्या अपडेटचं काम करायचं होतं. तुला रजनीकडून सगळं पाठ करून घ्यायचं होतं. तू सुटली नाहीस, तुला उचलून नेलंय, कामाच्या मध्यातून, आणि मला त्याचा राग आलेला आहे. देवासमोर दिवा लावते तेव्हाही मी हेच सांगते. शांत हो म्हणतात. होणार नाही.

आपली सई पुण्याहून आली आहे. तिने तुझ्या खोलीत उभं राहून विचारलं, “आई, आत्याच्या ह्या कम्प्युटरचं आता काय करायचं? किसी को दे देते हैं ना, कोणाच्या तरी कामी येईल.” चांगल्या मनाने म्हणाली पोर. मी म्हटलं, “तो कामीच आहे. त्याला हात लावायचा नाही.” एवढं जोरात म्हटलं की ती रडायला लागली. मग आम्ही दोघी रडलो, तुझ्या पलंगावर बसून.

काल संस्थेने तुझ्यासाठी ऑनलाइन शोकसभा ठेवली. मी तुझ्या खुर्चीत बसले. दादा आणि सई मागे. दादांनी मॉनिटरची वायर जोडली होती, आणि मी स्वतः आवाजाच्या पानावर जाऊन आउटपुट बदललं, फ्रंट उघडलं, कोणाला न बोलावता. सचिवांनी भाषण केलं. त्यात ‘अंधकार’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजायचं सोडून दिलं. मग ते म्हणाले, “अब हम सब दो मिनट का मौन रखेंगे.”

सगळे गप्प झाले. आम्ही तिघं मान खाली घालून बसलो. आणि तू ऐकायला हवं होतंस गं. जरा वेळ गेला नाही तोच एक पुरुषाचा आवाज आला, “हैलो? मेरी आवाज चली गई क्या?” दुसरा म्हणाला, “मुझे भी कुछ नहीं आ रहा.” कोणीतरी उशिरा आलं होतं, कोणाला मौनाची घोषणा ऐकूच आली नव्हती. खटाखट कळा वाजायला लागल्या. एकाचा कम्प्युटर मध्येच तुझ्या त्या वेगाने बोलायला लागला. सचिव म्हणाले, “कृपया शांति रखें, मौन चल रहा है,” पण आता सगळेच एकदम बोलत होते. तेवढ्यात रजनीचा आवाज आला, ठाम आणि जरा चिडका, “घबराओ मत. पहले देखो आउटपुट किधर जा रहा है. जिसका नहीं आ रहा, तीनों उँगलियाँ रखो.” तिला माहीत होतं की मौन चालू आहे. तरी ती सांगत राहिली, एकेकाचं नाव घेऊन, प्रत्येकाचा आवाज येईपर्यंत.

सई हसायला लागली. दादाही हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. सचिव मला म्हणाले, “माफ कीजिए भाभीजी, ये लोग समझे नहीं.” मी म्हटलं, “इन्होंने ही समझा है. चलने दीजिए.”

शेवटी त्यांनी विचारलं की शनिवारचा वर्ग आता बंद करावा लागेल, सगळ्यांना कळवून टाकू का. मी म्हटलं, का? वर्ग शनिवारीच होणार, त्याच वेळेला. ते म्हणाले, पण शिकवणार कोण? मी म्हटलं, रजनी. ते म्हणाले, ती अजून लहान आहे, सोबतीला कोणी डोळस ठेवावं लागेल. तू त्यांना काय म्हणाली असतीस तेवढंच मी म्हटलं नाही, बाकी सगळं म्हटलं. रजनी ऐकत होती. ती म्हणाली, “मैं पढ़ा लूँगी.” मग विषय संपला.

सभा संपल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, मलाही वर्गात यायचंय, शिकायला, पडदा न वापरता. मला वाटलं, आता ती रडेल. पण ती नवीन विद्यार्थ्याला विचारतात ते सगळं मला रीतसर विचारायला लागली. नाव काय, कम्प्युटर कोणता, टायपिंग येतं का, आधी काही शिकलेलं आहे का. मी सगळ्याची उत्तरं दिली.

“आपको दिखता है?” तिने विचारलं.

“हाँ बेटा,” मी म्हटलं, “दिखता है.”

“कोई बात नहीं, आंटी,” रजनी म्हणाली, “सीख जाएँगी.”